फुली मारलेली जोडी

ज्या दुकानात आपली मोटारसायकल आत नेतात आणि आपल्याला बाहेर खुर्चीवर बसवून चहा पाजतात, त्या दुकानाची मला पहिल्यापासून चीड आहे. आत लपवण्यासारखं काही नसेल तर मालकाला गाडीजवळ उभं राहू द्यायला काय हरकत आहे? सीताबर्डीवर असंच एक काचेचं दुकान होतं. समोर चकचकीत नव्या गाड्या, टेबलामागे टाय लावलेला माणूस, आणि मागे पत्र्याची शेड. शेडच्या दारावर पाटी : 'ग्राहकांना आत प्रवेश नाही'. माझा धाकटा भाऊ रविंद्र नेमका त्या दुकानावर भाळला. ही एकोणऐंशी सालची गोष्ट.

मी देवराव. मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर. तेव्हा सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. माझी गाडी कामठीच्या छावणीतल्या लिलावात घेतलेली, लष्करानं वापरून टाकलेली. घरी आणली तेव्हा तिला ढकलत आणली होती. पुढची तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी अंगणात पोतं पसरून बसलो आणि तिचा एकेक भाग बदलला, घासला, बसवला. सीट मी बनवली, दिवा मोठा मी केला, पुढच्या चाकाचा मोठा ब्रेक मी जमवला. इंदोऱ्यात आमच्या गल्लीत कोणाचीही गाडी बिघडली की ती माझ्या अंगणात यायची. पैसे मी घेत नसे. लोक म्हणायचे, देवरावचा हात लागला की गाडी दहा वर्षं बोलत नाही. हे ऐकायला मला आवडायचं, ते नाकारत नाही.

रविंद्र माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. आई-बाप गेल्यावर मीच त्याला शिकवलं. तो पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर झाला, लग्न झालं, नवी मोटारसायकल घेतली. आम्ही एकाच घरात, मध्ये फक्त भिंत. एकदा त्यानं माझी गाडी कोराडीपर्यंत नेली आणि परत आल्यावर म्हणाला, "दादा, तुह्या गाडीसारखा ब्रेक माह्या गाडीले पाहिजे. गाडी जागच्या जागी उभी राह्यते."

"शुक्रवारी ठेव गाडी," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत बसवून देतो."

"नाही गा. दुकानात टाकतो. ते लोक लेग गार्ड अन् डबल हॉर्नही लावून देते."

"अन् मी काहून नाही? माह्या हाताले काय झालं?"

 मग तो जे बोलला ते मी आजवर विसरलेलो नाही. "दादा, आपल्या बापानं जनमभर दुसऱ्याचं उतरलेलं घातलं. कोट उतरलेला, जोडे उतरलेले. तूही तेच करून राहिला. मिल्ट्रीनं टाकलेली गाडी, भंगारातले पार्ट. मले डब्यातला माल पाहिजे. डब्याचं शील मी तोडणार. बिल माह्या नावाचं पाहिजे, अन् खुर्चीवर बसून पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भंगारातले पार्ट! ज्याला मी कॉलेजात त्याच गाडीवरून सोडत होतो, तो हे म्हणतोय. पण त्यानं बापाच्या कोटाचं नाव काढलं होतं. त्या कोटाच्या बाह्या आईनं किती वेळा आखूड केल्या ते मीही पाहिलं होतं. मी म्हणालो, "टाक. बस खुर्चीवर."

चार दिवसांनी गाडी आली. लेग गार्ड चमकत होतं, दोन हॉर्न दोन सुरांत ओरडत होते, पुढच्या चाकात मोठा ब्रेक बसला होता. रविंद्रनं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. त्यानं ते बायकोला, गोपिकेला दाखवलं, मला दाखवलं, शेजारच्यांना दाखवलं. बिलावर 'श्री. रविंद्र' असं टाइप केलेलं होतं. गाडीभोवती एक चक्कर मारून मी म्हणालो, "हॉर्न चांगला हाये." त्याला टोमणा कळला. तो हसला आणि त्यानं पुन्हा हॉर्न वाजवला.

 गोपिकेला सातवा महिना लागला होता. येत्या रविवारी रविंद्र तिला गाडीवर बसवून कोंढाळीला, तिच्या माहेरी बाळंतपणासाठी सोडणार होता. अमरावती रोडनं, वाडीवरून. वाडीला तेव्हाही ट्रकांची रांग संपत नसे. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून ट्रक कधी आडवा बाहेर येईल याचा नेम नाही. बसनं जा म्हटलं तर रविंद्र म्हणाला, बशीत जास्त हाल होतात, आणि नवा ब्रेक कशासाठी लावला?

शुक्रवारी मी घरी होतो. विजेच्या कपातीमुळे आमच्या मिलची सुट्टी शुक्रवारी असायची. रविंद्र खात्याच्या जीपनं दौऱ्यावर गेला होता आणि त्याची गाडी अंगणात उभी होती. गोपिका चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"काय वं गोपिका?"

"दादा, काल ह्यांच्या मागे बसून दवाखान्यात गेली तं पुढच्या चाकातून आवाज येत होता. ब्रेक दाबला का कट् कट्. मी म्हटलं तं म्हणते, नवीन हाये, बसन हळूहळू. तुम्ही पाहता का जरासं?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोराबाळांना सणाला होतो तसा. काचेच्या दुकानाची लाज उघडी पाडायची संधी आयती चालून आली होती. मी चहा घाईनं संपवला, पोतं पसरलं, पाने काढले आणि पुढचं चाक उतरवलं.

ज्यांनी ब्रेक उघडलेला पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या मध्ये एक गोल डबा असतो. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे ॲल्युमिनियमचे दोन तुकडे असतात. त्यांना ब्रेक शू म्हणतात, आणि ते जोडीनंच वापरतात. त्यांच्या पाठीवर लायनर, म्हणजे घासणारी जाड पट्टी, बसवलेलं असतं. ब्रेक दाबला की हे तुकडे बाहेर फाकतात, लायनर डब्याला घासतं आणि चाक थांबतं. लायनर झिजलं तर बदलता येतं. पण शू ज्या खिळीवर फिरतो तिच्याजवळ चीर गेली तर तो तुकडा मेला. त्याला कोणी वाचवू शकत नाही. एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबला की तो तुटतो, आत अडकतो, आणि चालतं चाक जागेवर जाम होतं. मागे बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी सांगायला नको.

जोडी बाहेर काढली. लायनर कोरं होतं. शूवर चंदेरी रंग होता, नव्या भांड्यासारखा. मी जरा हिरमुसलो. मग खिळीजवळ अंगठा फिरवला तेव्हा एका तुकड्यावर रंगाखाली काहीतरी मऊ लागलं. नखानं उकरलं तर लांबी निघाली. दाराच्या भेगांत सुतार भरतात ती लांबी! लांबीखाली चीर होती, नखाएवढी लांब. चीर बुजवली होती, रंग दिला होता, नवं लायनर ठोकलं होतं आणि डब्यात घालून ती जोडी माझ्या भावाला विकली होती.  मी तोंडातली चहाची चव थुंकून टाकली आणि मोठ्यानं शिवी दिली. आत गोपिका आहे याचंही भान राहिलं नाही.

मग मी पॉलिश पेपर घेऊन सगळा रंग घासून काढला, म्हणजे दुकानदाराच्या टेबलावर टाकल्यावर त्याला बोलायला जागा राहू नये. घासता घासता तुकड्याच्या बाजूवर एक फुली वर आली. छिन्नीच्या दोन घावांची. एक रेघ खोल, दुसरी उथळ आणि शेवटाला जराशी वळलेली.

ती फुली माझी होती.

आमच्या मिलमध्ये एक शिस्त होती. जो भाग कंडम ठरला त्यावर फिटरनं छिन्नीनं फुली मारायची, आणि मग फोरमनसमोर हातोड्यानं त्याचे तुकडे करायचे. तुकडे झाल्याशिवाय तो भंगारात तोलायचा नाही. कंडम माल साबूत बाहेर गेला तर तो पुन्हा कुठल्या तरी मशिनीत जाऊन बसतो आणि कोणाचा तरी हात घेतो, हे आम्हांला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. सव्वीस वर्षांत मिलमधला एकही कंडम तुकडा मी साबूत सोडला नव्हता. उजव्या मनगटाला जुना मार बसलेला, त्यामुळे दुसरी रेघ माझी शेवटी वळते. वर्कशॉपमध्ये कोणीही सांगेल, ही देवरावची फुली.

घरी मी फुली मारत होतो. हाताला सवय होती, आपोआप मारली जायची. हातोडा मात्र मारत नव्हतो.

कारण रामाजी. रामाजी भंगारवाला दर महिन्याला हातगाडी घेऊन गल्लीत यायचा. तुटक्या मालाला तो वजनाचा भाव द्यायचा, साबूत नगाला चांगले चार रुपये जास्त. "साबूतच ठेवजा गा देवरावभाऊ," तो म्हणायचा, "तुकडे नोका करजा." या मापाचा मोठा ब्रेक गल्लीत माझ्याच गाडीला होता; ही जोडी मी दिवाळीच्या आधी काढली होती. चीर दिसली, फुली मारली, नवी जोडी बसवली आणि जुनी रामाजीला दिली. त्याला साबूत तुकडा कशाला पाहिजे, हे मी कधी विचारलं नाही. सव्वीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला ते विचारायची गरजच नव्हती. मला माहीत होतं. फक्त मी ते स्वतःशी कधी बोललो नव्हतो.

तरीही सायकल काढून मी सीताबर्डीला गेलोच. माझा राग अजून दुकानावरच होता, किंवा तो तिथंच राहावा असं मला वाटत होतं. टाय लावलेल्या माणसाचं नाव मनोहरराव. तो दुकानाचा मॅनेजर होता. मी ती जोडी त्याच्या टेबलावरच्या काचेवर आदळली.

"हा तुमचा डब्यातला माल!"

त्यानं आधी शू पाहिला, मग माझे काळे हात पाहिले. "आमच्याकडे सगळा माल कंपनीचा असतो. तुम्ही घरी खोलून काही बदललं असेल तर आम्ही जबाबदार नाही."

"लांबी भरली हाये याच्यात. घरातली बाई सातव्या महिन्याची, तिले घेऊन माहा भाऊ या ब्रेकवर वाडीतून जाणार होता. तुमच्या घरचं माणूस बसवा ना याच्यावर!"

समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, चहा पीत. मनोहररावनं मला दंडाला धरून मागे नेलं. त्या पाटीच्या आत. शेडमध्ये एका तारेवर रंगवलेले भाग वाळत टाकले होते. क्लचच्या पट्ट्या, चेनची चाकं, ब्रेकचे शू. बाजूला कोऱ्या डब्यांची चळत, आणि एक माणूस वाटीत लांबी कालवत बसलेला. तो मान वर करून माझ्याकडे पाहून हसला, जणू मी पाहुणा आलो होतो. रंगाचा, रॉकेलचा आणि कुठल्याशा उग्र अत्तराचा मिळून असा वास येत होता की मला शिसारी आली.

मनोहररावनं खिडकीजवळ नेऊन तुकडा नीट पाहिला. "ही फुली कसली?"

मी बोलायला नको होतं. पण रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "कंडमची. मी मारलेली."

तो एकदम मोकळा झाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला आणि तो चक्क माझ्या पाठीवर हात ठेवून हसला. "अहो, म्हणजे माल तुमचाच! मग भांडता कशाला? चला, बाहेर गिऱ्हाइकांना सांगू, हा चिरलेला तुकडा बाजारात कोणी विकला ते. सांगायचं?"

मी नजर तारेवरच्या शूंकडे वळवली.

"जाऊ द्या." त्यानं कपाटातून एक डबा काढला. खरोखरीचं सील असलेला. "ही ओरिजिनल जोडी. फुकट घेऊन जा. आणि एक सांगू का, असा माल आम्हांला रामाजीच आणून देतो, तुमचंही तोच सांगत असतो; त्याला कशाला मध्ये ठेवता? तुमच्याकडे गल्लीतल्या गाड्या येतात म्हणे. निघालेला माल सरळ आमच्याकडेच आणत जा. साबूत."

त्याच्या तोंडावर तो डबा फेकून मारायला हवा होता. मी रात्रंदिवस ज्याला चोर म्हणत होतो तो मला धंद्यात भागी देत होता, आणि तीही अशा सुरात, की आपण दोघं एकाच जातकुळीचे.  पण मी डबा घेतला. रविवार परवावर आला आहे, गाडीला ब्रेक तर लागेलच, असं मनाशी म्हणत घेतला. डबा पिशवीत घातला, जुनी जोडीही उचलली आणि मान खाली घालून त्या काचेच्या दुकानातून बाहेर पडलो. जाताना त्या दोन गिऱ्हाइकांकडे मी पाहिलंही नाही.

येताना सायकल धड चालवता येईना. समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीचं पुढचं चाक मी पाहत होतो. एकीवर नवरा-बायको आणि मध्ये लहान मूल. एकीवर दुधाचे कॅन. मी आठवत होतो, रामाजीला किती जोड्या दिल्या. माझी एक, शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांची एक, आणखी चार. सहा. चार रुपयांसाठी. शिवाय लोकांना मी सांगत होतो, देवराव कोणाचा पैसाही घेत नाही.

घरी येऊन नवी जोडी बसवली. चाक चढवलं, फिरवून पाहिलं. ब्रेक छान लागला, आवाज नाही. आता कोणाला काही सांगायची गरज नव्हती. रविंद्रचं बिल त्याच्या पिशवीत राहिलं असतं, माझं नाव गल्लीत राहिलं असतं, गोपिका सुखरूप कोंढाळीला पोचली असती. जुनी जोडी अंगणातल्या दगडावर ठेवली आणि हातोडा आणायला आत गेलो. निदान ही तरी फोडून टाकू म्हटलं.

बाहेर आलो तर रविंद्र दौऱ्यावरून आलेला. पसरलेलं पोतं आणि पाने पाहून त्याचा चेहरा लाल झाला होता. गोपिका त्याला सांगत होती की मीच दादांना पाहायला सांगितलं.

"तुले पाहवलंच नाही ना दादा?" तो म्हणाला. "मी एक काम पैसे देऊन करवलं, तं तुले थे खोलून पाहाच लागलं. काय निघालं मंग? माह्या दुकानाची चूक?"

त्याच्या आवाजातलं दुखणं मला कळलं. त्या एका बिलासाठी त्यानं किती महिने मन मारलं होतं ते मला माहीत होतं. मी हो म्हणून दुकानाला शिव्या देऊन मोकळा झालो असतो तरी त्यातलं एक अक्षर खोटं नसतं. पण दगडावर ती फुली उघडी पडलेली होती, आणि लहानपणापासून तो माझ्या हातची फुली ओळखतो. त्यानं तुकडा उचलला. चीर पाहिली. मग फुली पाहिली.

"ही तं तुही हाये."

मग मी सगळं सांगितलं. रामाजी, साबूत नग, शेड, लांबी, मनोहरराव काय म्हणाला ते, आणि फुकटचा डबा. सांगताना मला माझ्याच तोंडाची किळस येत होती.  गोपिका ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "अशा किती जोड्या विकल्या दादा?"

"सहा."

"थ्या कोणाच्या गाडीत गेल्या असन?"

  मी हातोडा उचलला आणि तुकड्यासाठी हात पुढे केला. "दे. फोडून टाकतो."

रविंद्रनं तुकडा छातीशी धरला. "आता काहून फोडतं? तवा फोडाचा होता." मग त्यानं आतून बिलाची पिशवी आणली, आणि दोन्ही शू बिलासोबत त्याच पिशवीत घातले. "डब्यातली जोडीही उतरव. थ्या माणसाची भीक माह्या गाडीत नाही पाहिजे. परवा आम्ही येष्टीनं जातो. सोमवारी मी पोलिसात जातो, कंपनीले लिहितो. बिल माह्या नावाचं हाये."

"जा," मी म्हणालो. "जायलाच पाहिजे."

"पण दुकानवाला म्हणन, हा माल आमचा नाहीच, घरीच बदलला. मंग तुले याव लागन माह्यासंग. सगळ्यांसमोर सांगा लागन, ही फुली माही, अन् कंडम हाये हे माहीत असून मीनंच साबूत विकली. मिलमध्ये कळन. गल्लीत कळन." तो माझ्या डोळ्यांत पाहत होता. "येशीन ना दादा?"

मी "येईन" म्हणालो.

पण ते म्हणायच्या आधी मी थांबलो. फार नाही, एक श्वास घ्यावा एवढाच वेळ. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढून फोरमन गेला, गल्लीतले लोक गेले, देवरावचा हात म्हणणारे मास्तर गेले. माझ्यासारखा माणूस कोर्टात उभा राहिला तर त्याला काय म्हणतील, तेही मनात येऊन गेलं. मग मी म्हणालो, येईन.

रविंद्रनं मान हलवली, पिशवीला गाठ मारली आणि ती माझ्याकडे न देता गोपिकेच्या हातात दिली. "तुह्या पेटीत ठेव वं," तो तिला म्हणाला, "अन् कुलूप लाव."